तिरकी रेघ

अंबडच्या कंपनीने हिशोब चुकता केला तेव्हापासून
पगार फक्त माझ्या आडनावात उरलाय.
हा विनोद सगळ्यांना सांगून झाला,
नवीन ऐकणारं कोणी नव्हतं,
म्हणून शेजारच्या तांबोळींच्या अल्फियाला सांगितला.
ती हसली नाही.
लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाली,
काका, माउस तिकडे ठेवा. फ्रिजवर.

काळी पाटी.
डाव्या कोपऱ्यात एक पांढरी काडी लुकलुकतेय,
दारात येऊन उभं राहिलेलं कुणी
बेल वाजवत नाही, जातही नाही, तशी.

पहिल्या दिवशी तिला 'नमस्कार' लिहिलं.
सापडलं नाही म्हणाली.
दुसऱ्या दिवशी एलएसच्या जागी एसएल.
तेही सापडलं नाही.
एक स्पेस चुकली तरी अडते.
खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.
तीस वर्षं लेथवर काढलीत,
एक शतांश जास्त गेला की जॉब भंगारात,
तिथे 'चालतंय की' चालत नाही.

कॅट म्हणजे मांजर नाही.
मॅन म्हणजे माणूस नाही, माहितीपुस्तक;
माणसाला विचारायची लाज वाटली की ते उघडायचं.
पीडब्ल्यूडी म्हटल्यावर मला द्वारकेचे खड्डे आठवले.
नाही हो, अल्फिया म्हणाली,
त्याचा अर्थ, मी आत्ता कुठे आहे?
म्हटलं, तेच तर. खड्ड्यात.
तेव्हा हसली.

सीडी, मग दोन टिंबं, की एक पायरी वर.
परत दोन टिंबं. परत.
शेवटी नुसती एक तिरकी रेघ उरली,
तिच्या वर काही जाता येईना.
अण्णांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो,
तेव्हा गुरुजींनी असंच विचारलं होतं.
तालुका? कळवण.
गाव? आडनाव?
आणि लाल फडक्यातली वही सोडून
बरोबर त्या पानावर बोट.
पाच पिढ्या वर मोडीतलं एक नाव,
त्याच्या वर कोरा कागद.

मग एक दिवस स्वतःचा फोल्डर केला. नाव दिलं मापं.
एंटर मारलं.
काहीच नाही.
मी थांबलो. चहा निवला.
बिघडलं का गं?
झालं ना काका. चुकलं असतं तर बोललं असतं.

खैरनार मास्तर.
बावीस वर्षं फोरमन, आणि शाबास हा शब्द
त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.
जॉब उचलायचे, मायक्रोमीटर लावायचे, खाली ठेवायचे,
पुढच्या मशीनकडे चालू पडायचे.
त्या दिवशी सुट्टी झाली की
मी त्रिमूर्ती चौकात उतरून पाव किलो जिलबी घ्यायचो.

मापंमध्ये मी जुनी डायरी उतरवत होतो,
कुठल्या धातूला किती फेरे, किती काप, कुठलं टूल.
दीड महिना.
गेल्या गुरुवारी, रात्री,
आरएम, जुनी, नको तिथे एक स्पेस, आणि चांदणी.
विचारलं नाही त्याने.
लेथही विचारत नाही.
कापलेलं परत चिकटत नाही, हे मला
कुणी शिकवायची गरज नव्हती.
तरी अल्फियाला फोन लावला,
तिने उचलायच्या आत बंद केला.

डायरी आहे. तेलकट अंगठ्यांची, एका बाजूने फुगलेली.
पहिल्या पानापासून.

पावणेबाराला खालून तिसऱ्या पाळीची बस गेली,
हात आपोआप डबा शोधायला लागला.
मग उगाच पीडब्ल्यूडी टाकलं.
तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, पगार.
दोनदा वाचलं.
घर आणि पगार, मध्ये एवढीशी रेघ,
किती शतांश जाड असेल?
मायक्रोमीटर कपाटात आहे.
काढला नाही.
पुढचं माप टाकलं. पितळ, साडेबारा.
एंटर.
पाटी काही बोलली नाही.